श्रीखंडाच्या डब्यातली बाटली

मागच्या महिन्यात आमच्या बेसमेंटमधला जुना फ्रीज एकदाचा बंद पडला. तसा तो दोन वर्षं घरघर करतच होता, पण खोवलेल्या नारळाच्या पिशव्या, इंडियन ग्रोसरीच्या सेलमधली मेथी आणि आई इथे आली की घालून जाते ती लोणची, एवढ्यासाठी चालू ठेवला होता. दुसऱ्या दिवशी न्यायला माणसं येणार म्हणून रात्री जेवणं झाल्यावर रिकामा करायला बसले. सगळ्यात खालच्या कप्प्यात, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीमागे अगदी भिंतीला चिकटून श्रीखंडाचा डबा होता. श्रीखंडाचा म्हणजे नावालाच, आपल्या घरांत श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड सोडून सगळं असतं. कढीपत्ता असेल म्हणून उघडला, तर आत पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेली इन्सुलिनची एक सीलबंद बाटली आणि सीमेपलीकडच्या, कॅनडातल्या विंडसरच्या औषधाच्या दुकानाची पावती. पावतीवर तारीख १६ नोव्हेंबर २०१९. बाटलीवर एक्स्पायरी मार्च २०२१.

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले.

ज्याच्या घरात डायबेटिस नाही त्याला वाटेल की जुनं औषध सापडलं, टाकून द्यायचं, त्यात काय एवढं. पण मला ती तारीख दिसत होती. त्या तारखेनंतर दहा-बारा दिवसांनी, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, समोरच्या घरातली शेजारीण आमच्या दारात उभी राहून हीच वस्तू मागत होती आणि मी तिला म्हटलं होतं की सॉरी, आमच्याकडे या महिन्यापुरतंच आहे. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते खरंच तेवढंच होतं. जवळजवळ विसरलेच होते मी, म्हणजे विसरल्यासारखं केलं होतं. आणि ही बाटली त्या संध्याकाळी आमच्याच घरात, आमच्या पायाखाली, गारेगार बसून होती.

आमच्या लेकाला टाइप वन डायबेटिस, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही तो, निघाला २०१७ च्या ऑक्टोबरात, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आधी नुसती तहान. रात्री चार-चार वेळा उठून बाथरूमच्या नळाला तोंड लावून पाणी प्यायचा, शाळेची पँट कमरेवरून घसरायला लागली, आणि मी आपली समजतेय पोरगा उंच होतोय. आजी म्हणायची तसं लघवीला मुंग्या लागणं वगैरे इथल्या चकचकीत बाथरूममध्ये कुठून कळणार. मग एका सकाळी त्याच्या श्वासाला पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा वास यायला लागला आणि त्याच दिवशी आम्ही आयसीयूच्या बाहेर बसलो होतो. दोन दिवसांत मला इंजेक्शन द्यायला शिकवलं, आधी संत्र्यावर, मग नवऱ्यावर, मग पोरावर. नर्स फार चांगली होती. ती म्हणाली, हे आता त्याचं पाणी समजा, पाण्याशिवाय कसं चालणार नाही तसं. ते वाक्य माझ्या डोक्यात इतकं बसलं की त्यानंतर मी इन्सुलिन पाण्यासारखंच साठवायला लागले, दुष्काळी गावातली बाई घरात दिसेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवते तसं.

पैशाची झळ पहिल्या वर्षी लागली नाही कारण नवऱ्याचा इन्शुरन्स बरा होता. २०१९ च्या जानेवारीत त्याच्या ऑफिसने प्लॅन बदलला. इथे राहणाऱ्यांना हाय डिडक्टिबल म्हणजे काय ते सांगायला नको, तिकडच्यांसाठी एवढंच की वर्षाचे पहिले काही हजार डॉलर आपल्याच खिशातून, आमचे सहा हजार, आणि त्यानंतर विमा जागा होतो. एक जानेवारीला पाटी पुन्हा कोरी. लोक नवीन वर्षाचे मेसेज पाठवत असतात आणि आम्ही औषधाच्या काउंटरवर उभे. तीन बाटल्यांचे आठशे पंचवीस डॉलर झाले. काउंटरवरची मुलगी कॉलेजातली असावी, तिने आकडा हळू आवाजात सांगितला, जणू तिनेच काही चूक केली होती. माझ्यामागे रांग होती. मी कार्ड दिलं, पिशवी घेतली, गाडीत येऊन बसले आणि हीटर लावायचंही सुचलं नाही.

मला वाईट कशाचं वाटतं सांगू, हे औषध काही काल शोधलेलं नाही. १९२१ मध्ये टोरांटोत सापडलं. जानेवारी १९२२ मध्ये तिथल्या हॉस्पिटलात पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचलं, जेमतेम तीस किलोचा हाडांचा सापळा होता तो, आणि तो वाचला. पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. एक डॉलर! आणि ह्यूमालॉग नावाचं नव्या प्रकारचं इन्सुलिन १९९६ मध्ये अमेरिकेत आलं तेव्हा दहा मिलिलिटरची बाटली २१ डॉलरला होती, २०१९ पर्यंत त्याच बाटलीची छापील किंमत २७५ च्या आसपास गेली. औषध तेच, बाटली तीच. बाजारात मुख्य कंपन्या तीन, त्यात मधले दलाल, ज्यांना पीबीएम म्हणतात, ते विमा कंपन्यांसाठी सूट मिळवणार. छापील किंमत जितकी फुगलेली तितकी मधल्यामध्ये परत जाणारी सूट मोठी, म्हणून किंमत कमी करण्यात तेव्हा कुणालाच रस नव्हता. या साखळीत ज्याच्यामागे कुणीच नव्हतं तो फुगलेली किंमत पूर्ण भरायचा. पलीकडे कॅनडात पेटंटवाल्या औषधांच्या किमतीवर नजर ठेवणारं बोर्ड १९८७ पासून आहे, आणि तिथे इन्सुलिन घ्यायला डॉक्टरची चिठ्ठीही लागत नाही, फार्मासिस्टकडे मागायचं, तो देतो. हे मला कुठल्या पुस्तकातून नाही, लेकाच्या क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये शेजारी बसलेल्या बाईकडून कळलं. ती अगदी पालेभाजीवाल्याचा पत्ता सांगावा तसं सांगून गेली, बोगद्यातून बाहेर पडलात की दोन सिग्नल, मग डावीकडे.

आम्ही मिशिगनमधल्या ट्रॉयला राहतो. डेट्रॉइटच्या नदीखालून जाणारा तो बोगदा मैलभराचा असेल, १९३० सालचा, पिवळट दिवे, भिंतीवर मध्येच दोन्ही देशांचे झेंडे. झेंडे गेले की आपण परदेशात. गंमत म्हणजे इथे कॅनडा दक्षिणेला आहे, अमेरिकेतून खाली उतरून कॅनडात जायचं. दारूबंदीच्या काळात तिकडून इकडे दारू यायची, हिवाळ्यात नदी गोठली की बर्फावरून गाड्याच हाकायचे म्हणे. फेब्रुवारी २०१९ मध्ये मी पहिल्यांदा विंडसरला गेले तेव्हा नदीत बर्फाच्या लाद्या एकमेकींवर आपटत होत्या, त्यांचा आवाज काठावर ऐकू येत होता. दुकान साधंसंच. खोकल्याच्या गोळ्या, ग्रीटिंग कार्डं, कोपऱ्यात ब्लडप्रेशरचं मशीन. फार्मासिस्ट वयस्क होता, अरबी वळणाचं इंग्रजी. मी नाव सांगितलं तर त्याने फक्त विचारलं, किती? किती! वाण्याकडे गूळ मागितल्यावर विचारतात तसं. मी सहा म्हटलं. त्याने फ्रीज उघडला, सहा खोकी काउंटरवर मांडली आणि एकाची किंमत सांगितली, कॅनडाचे चाळीसच्या आतबाहेर. मी मनात हिशोब केला, म्हणजे आपले तीस. नंतर गाडीत बसल्यावर लक्षात आलं की आपले म्हणताना मी अमेरिकेचे डॉलर म्हणत होते, आणि ज्यांना आपले म्हणत होते त्यांच्याकडून पळून इथे आले होते.

तो माणूस आईसपॅक घालताना म्हणाला, शनिवारी इकडे मिशिगनचीच गर्दी असते.

परतताना पोटात गोळा. खरं तर बाहेरच्या देशातून औषध आणणं इथल्या कायद्यात नीटसं बसत नाही, पण स्वतःपुरतं, तीन महिन्यांपर्यंतचं असेल तर सहसा अडवत नाहीत. सहसा! त्या सहसावर भरवसा ठेवून जगायची सवय आम्हाला नव्हती. अकरा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत काढलेली माणसं आम्ही. ट्रॅफिकचं तिकीट लागलं तरी वकिलाला ईमेल करणारी. कार्ड २०१८ मध्ये हातात आलं म्हणून तर कॅनडाचा व्हिसा न काढता जाता आलं, नाहीतर हे तीस डॉलरचं इन्सुलिन असून नसल्यासारखंच होतं. खिडकीतल्या ऑफिसरने विचारलं, काय आणलंय? मी म्हटलं, माझ्या मुलाचं इन्सुलिन. आवाज चिरकला. त्याने खोकी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि जा म्हणून हात केला. त्याच्याही घरात कुणी असेल का? त्यानंतर दर तीन महिन्यांनी मी जात राहिले आणि दर वेळी बोगद्यातून वर आल्यावर तीच धडधड. मी खोटं बोलत नव्हते, लपवत नव्हते, तरीही चोरटी बाई असल्यासारखं वाटायचं.

त्याच उन्हाळ्यात टीव्हीवर विंडसर दिसायला लागलं. जूनमध्ये मिनेसोटातून गाड्यांचा ताफा इन्सुलिन आणायला कॅनडातल्या, ऑन्टारिओतल्या लंडनला गेला, जुलैच्या शेवटी सिनेटर बर्नी सँडर्स डेट्रॉइटहून बसभर पेशंट घेऊन विंडसरला आले. आम्ही दोघं टीव्हीसमोर जेवत होतो, मी ओरडलेच, अरे मी याच रस्त्यावर गाडी लावते. त्या बातम्यांमध्ये एका आईचा चेहरा सारखा दिसायचा. तिचा मुलगा सव्वीस वर्षांचा झाला आणि नियमाप्रमाणे तिच्या इन्शुरन्समधून बाहेर पडला. इन्सुलिन परवडेना म्हणून पुरवून पुरवून घ्यायला लागला आणि महिनाभराच्या आत घरात एकटा गेला. २०१७ सालची गोष्ट, आमच्याकडे निदान झालं तेच वर्ष. मी माझ्या पोराचं वय मोजायला लागले, त्याला सव्वीस व्हायला किती उरलीत. म्हणजे सव्वीस या आकड्याचा अर्थ मला नोव्हेंबरच्या आधी माहीत होता. हे मी मुद्दाम लिहितेय.

ऑगस्टमध्ये लेकाला घेऊन मीही त्या लंडनला गेले. विंडसरपासून दोन तासांवर, दोन्ही बाजूंना मक्याची शेतं. तिथे फ्रेडरिक बँटिंगचं घर जपून ठेवलंय. ३१ ऑक्टोबर १९२० च्या रात्री दोन वाजता तो झोपेतून उठला आणि पंचवीस शब्दांत जे खरडलं त्यातून पुढे इन्सुलिन निघालं. ती खोली, तो साधा पलंग. बाहेर ज्योत तेवतेय, १९८९ मध्ये पेटवलेली, डायबेटिसवर पूर्ण इलाज सापडला की विझवायची. मला पलंगाजवळ रडू आलं, लेकाला मात्र वेगळ्याच गोष्टीचा आनंद. त्या टिपणात बँटिंगने डायबेटिसचं स्पेलिंग चुकवलंय. मम्मा, ही गॉट इट राँग! तो घरी येईपर्यंत तेच सांगत होता. बँटिंगचा वाढदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून तो जागतिक मधुमेह दिन, आणि आपला बालदिन. लहानपणी त्या दिवशी आम्हाला शाळेत लिमलेटच्या गोळ्या वाटायचे.

माझं लहानपण बांद्याचं. सावंतवाडीच्या पुढे, पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. तिथे वाढलेल्यांना बॉर्डर म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही, आमचं अर्धं आयुष्य पलीकडे. बाजार म्हापशाचा, आणि मोठं दुखणं आलं की बांबोळी. अमक्याला बांबोळीला नेलंय म्हटलं की समोरचा पुढचं विचारायचाच नाही. गोव्याचं ते सरकारी हॉस्पिटल आम्हाला आमचंच वाटायचं. २०१८ मध्ये तिथे गोव्याबाहेरच्या पेशंटना फी लागू झाली तेव्हा आई फोनवर किती दुखावली होती, आता आम्ही परके काय? दोडामार्गला लोक आंदोलनाला बसले होते. मी इथून तिला समजावत होते की अगं, त्यांच्या राज्याचा पैसा आहे, त्यांचं पण बरोबर आहे. वर्षभरात मी स्वतः दुसऱ्या देशाच्या काउंटरवर उभी राहून त्यांचं स्वस्त औषध उचलत होते. त्या फार्मासिस्टला माझ्याबद्दल तसं वाटलं असेल का, कुणास ठाऊक. लेकाचा शुगर मीटर बॅगेत असताना मला दुसऱ्याच्या हक्काचं काय पडलेलं होतं.

तसं आमच्या घरात इन्सुलिन त्याच्या कितीतरी आधी होतं, आजोबांचं. त्यांना इन्सुलिन सुरू झालं तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते, म्हणजे ८५-८६ साल. काचेची सिरिंज, स्टीलच्या चपट्या डबीत, सुईसकट उकळायची. सकाळी चुलीवर एका बाजूला पेजेचं भांडं आणि एका बाजूला ती डबी खदखदतेय, रॉकेल आणि स्पिरिट आणि उकड्या तांदळाचा मिळून एक वास यायचा, तो मला आजही कुठे आला तर पोटात कालवतं. घरात फ्रीज नव्हता. माजघरातल्या काळोख्या कोपऱ्यात मडकं, त्यात पाणी, पाण्यात वाटी पालथी, वाटीवर बाटली, वरून ओलं फडकं. मडक्याला हात लावायचा नाही अशी आम्हा पोरांना ताकीद. आजोबा माळकरी. तेव्हाचं इन्सुलिन जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं, गाईच्या किंवा डुकराच्या. डॉक्टरांनी ते लपवलं नाही, आणि आजोबांनी दोन दिवस सुई टोचून घेतली नाही, नुसते ओटीवर बसून राहिले. आजीनेच विषय संपवला. "पांडुरंगाक सगळा समाजता. घेवा टोचून."

ती बाटली बांद्यात मिळायची नाही, म्हापशाहून यायची. आणायचा कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचा ड्रायव्हर. सकाळी पणजीकडे जाताना स्टँडवर त्याच्याकडे चिठ्ठी आणि पैसे द्यायचे, संध्याकाळी परतताना तो म्हापशाच्या दुकानातून घेऊन यायचा. आमचीच नाही, अख्ख्या वाडीची. कुणाच्या दम्याच्या गोळ्या, कुणाचं फिटचं औषध, कुणाचा चष्मा. त्याच्या खिशात चिठ्ठ्यांची गुंडाळी असायची आणि इन्सुलिन रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फ घालून सीटखाली. पत्रादेवीच्या नाक्यावर पोलीस दारूसाठी बस तपासायचे, पिशव्यांतून हात घालायचे, तो थर्मास वर धरून सांगायचा की म्हाताऱ्याचं औषध आहे, उघडू नका, बर्फ वितळेल. संध्याकाळी बसची वेळ झाली की आजी मला पिटाळायची, "ड्रायव्हर इलो काय बघ गो." त्याने कधी जास्तीचे पैसे घेतलेले मला आठवत नाहीत. मे महिन्यात आजी त्याला फणस द्यायची, पावसाच्या तोंडावर कोकमं. त्याचं नाव काय होतं हे मी मागच्या महिन्यात आईला फोन करून विचारलं. तिलाही आठवेना. ती म्हणाली, ड्रायव्हरच म्हणायचो गं आम्ही सगळे.

आणि आमची शेजारीण. ती शाळेची पिवळी बस चालवायची. पन्नाशीची, मोठ्या आवाजाची, हसायला लागली की खांद्यांपासून हलायची. आम्ही नवीन होतो तेव्हा पहिल्या मोठ्या बर्फात नवरा फावड्याशी झटापट करत होता तर ही न बोलता आपलं मशीन घेऊन आली आणि आमचा ड्राइव्हवे साफ करून गेली, तेव्हापासून दर हिवाळ्यात तेच. लेकाचं निदान झालं तेव्हा पहिली तीच दारात होती, कारण तिच्या मुलीलाही टाइप वन. पोरगी अकरा वर्षांची असल्यापासून. घाबरू नकोस, रात्री तीनचा गजर लाव, उशाशी ज्यूस ठेव, मला केव्हाही उठव. खरंच एकदा उठवलं होतं मी तिला, पहाटे, लेकाची शुगर चाळीसपर्यंत घसरली आणि माझे हात चालेनात. ती नाइट गाउनवर बूट घालून धावत रस्ता ओलांडून आली होती.

थँक्सगिव्हिंगच्या आधीचा मंगळवार असेल. बाहेर साडेपाचलाच काळोख झालेला, मी पोहे करत होते, मोहरी तडतडत होती. ती दारात आली पण आत येईना. मुलीला सप्टेंबरमध्ये सव्वीस पूर्ण झाली होती. मुलगी दोन ठिकाणी काम करायची, दोन्हीकडे अर्धवेळ, दोन्हीकडे इन्शुरन्स नाही. तू पलीकडे जातेस ना, पुढच्या वेळी माझ्यासाठी दोन बाटल्या आणशील का, पैसे आत्ता देते, माझा पासपोर्ट यायला अजून कितीतरी आठवडे आहेत. नोटा तिच्या हातात होत्या, दुमडून. मी म्हटलं, अगं कस्टमचा प्रॉब्लेम आहे, स्वतःपुरतंच आणू देतात, आमचं कार्ड नवीन आहे, काही झालं तर... ती लगेच हो हो, बरोबर आहे म्हणाली. जायला वळली आणि पुन्हा थांबली. मग एखादी आत्ता, उसनी? तिने बॉरो असा शब्द वापरला, मला मात्र तो उसनी असाच ऐकू आला, मराठीत, आणि तेव्हा मी ते वाक्य बोलले. या महिन्यापुरतंच आहे.

ती म्हणाली, इट्स ओके हनी, आणि गेली. पोहे खाली लागले होते.

कस्टमचं कारण तरी खरं होतं असं मला वाटायचं, अजूनही वाटतं. कार्ड, नियम, भीती, हे सगळं काही मी बनवलेलं नव्हतं. पण दुसऱ्या वाक्यात कुठला कायदा होता, कुठला ऑफिसर होता? जिना उतरून खाली जायचं, डबा उघडायचा आणि एक बाटली आणून तिच्या हातात द्यायची. बारा पायऱ्या आहेत, परवा मोजल्या. आणि मला माहीत होतं का, की खाली एक जास्तीची आहे? मी हे स्वतःला बऱ्याच रात्री विचारलंय. नेमका आकडा डोक्यात नसेल, पण आहे हे माहीत होतं. टाइप वनच्या आईला फ्रीजमध्ये किती आहे ते माहीत नाही असं होत नाही. कोकणात पावसाळ्याआधी घर भरून ठेवतात, सुकी मासळी, कोकमं, लाकडं, चार महिन्यांची बेगमी. तशी मी बेगमी करत होते आणि पाऊस कधी संपणार ते कुणी सांगत नव्हतं. पण भर पावसात कुणी दारात आलं तर आजी मापटंभर तांदूळ द्यायचीच, मागे किती उरलेत ते न बघता. की बघून देत असेल? लहान पोराला काय कळणार ते.

पुढे मार्च २०२० मध्ये बॉर्डरच बंद झाली. तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं होतं, बघ, ठेवलं ते बरंच केलं. हेही लिहायला हवं. मग नवऱ्याची नोकरी बदलली, इन्शुरन्स सुधारला, आणि तो डबा लोणच्यामागे सरकत सरकत विसरला गेला. म्हणजे ज्या भीतीपोटी ठेवली तिच्याही कामाला आली नाही ती.

त्या हिवाळ्यातही ती मशीन घेऊन येत राहिली. आमचा ड्राइव्हवे आधी, मग तिचा. मी खिडकीतून बघायचे, चहा घेऊन बाहेर जायचे, ती कप घ्यायची, हवेवर बोलायची. एकदाच तिने आपण होऊन सांगितलं की मोठ्या दुकानात पंचवीस डॉलरला मिळणारं जुन्या प्रकारचं इन्सुलिन मुलगी घेतेय, त्याचं टायमिंग वेगळं, जेवणाच्या अर्धा तास आधी टोचावं लागतं, आणि तिच्या कामाच्या ठिकाणी जेवण केव्हा मिळेल याचा नेम नाही, एकदा चक्कर येऊन पडली. पण जमवतेय. मी ओह नो म्हटलं. एवढंच सुचलं मला. २०२२ मध्ये ते लोक घर विकून ओहायोला गेले. जाताना तिने लेकाला ग्लुकोजच्या गोळ्यांचा मोठा जार दिला, रास्पबेरी, त्याचा आवडता.

मार्च २०२३ मध्ये तिन्ही कंपन्यांनी इन्सुलिनच्या किमती उतरवायचं जाहीर केलं, सत्तर टक्के, पंच्याहत्तर टक्के. आता लेकाचं इन्सुलिन पस्तीस डॉलरला मिळतं आणि काउंटरवर कुणी आवाज खाली करत नाही. चांगलं झालं. पण किंमत उतरवणं जमत होतं तर, असं वाटून पहिल्यांदा पस्तीस भरताना मला आनंदापेक्षा संताप आला होता. कारखाना तोच, औषध तेच, मग मधल्या वर्षांत जी पोरं अर्धा डोस घेऊन कामाला गेली ती कशासाठी?

फ्रीज नेल्यावर दोन दिवसांनी मी तिला मेसेज केला. चार वेळा लिहिला, पुसला. शेवटी सरळ लिहिलं की बाटली सापडली, तारीख ही आहे, त्या दिवशी ती माझ्याकडे होती. फोटोही पाठवला. रात्रभर उत्तर नाही. सकाळी आलं. मुलीला आता नोकरीत इन्शुरन्स आहे, बरी आहे. त्या हिवाळ्यात तिने कुणाकुणाच्या एक्स्पायर झालेल्या बाटल्याही वापरल्या. तुझा मुलगा कसा आहे, उंच झाला असेल. बस, एवढंच. माफ केलं असंही नाही, राग आला असंही नाही. मी ते उत्तर किती वेळा वाचलं असेन.

बाटली मला टाकवत नाहीये. वरच्या फ्रीजमध्ये, बटरच्या कप्प्यात, लेकाच्या चालू बाटलीच्या शेजारी ठेवलीय, वर लाल पेनाने काट मारून. परवा रात्री तो डोस घ्यायला उठला. हातात उचलली, दिव्याखाली धरून तारीख वाचली.

"मम्मा, ही तर कधीच एक्स्पायर झालीय. कुणाची आहे ही?"

समोरच्यांची, मी म्हटलं.

"त्या तर गेल्या ना," तो म्हणाला आणि ती परत होती तिथे ठेवून दिली.